जुना डीप फ्रीझर घेऊन घरी थंड सोड्याचा नळ कसा बसवायचा

स्टीलची केग (दाब सहन करणारं बंद पिंप), कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर आणि बाहेर एक नळ, एवढं जोडलेल्या फ्रीजला केगरेटर म्हणतात. नळ ओढला की चार अंशाचा कडक सोडा थेट ग्लासात. परदेशात हौशी मंडळी तो बहुतेक बिअरसाठी बनवतात. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, म्हणून इथली सगळी मापं साध्या सोड्याची आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लिंबू सोडा, पन्हं, जालन्याच्या मोसंबीचा रस यांच्या जोडीला असा नळ घरात, शेतातल्या वस्तीवर किंवा खानावळीत फार उपयोगी पडतो.

या कामात नळ, नळ्या, वॉशर, केग हे सगळं पुढे-मागे बदलता येतं. फ्रीझरची थंड करणारी यंत्रणा म्हणजे कॉम्प्रेसर, कॉईल आणि त्यातला गॅस एवढीच गोष्ट अशी आहे की ती खराब निघाली तर घेतलेला माल भंगारात जातो. म्हणून खरेदीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

कोणता फ्रीझर शोधायचा

वरून झाकण उघडणारा, पत्र्याच्या झाकणाचा, 300 लिटरच्या आसपासचा पेटी-फ्रीझर या कामाला उत्तम. त्यात 19 लिटरच्या दोन केग आरामात बसतात. झाकण उघडलं तरी थंड हवा जड असल्यामुळे खालीच राहते, आणि भिंतीतलं फोम जाड असल्यामुळे लाईट गेली तरी चार-सहा तास पाणी थंड राहतं. वर सरकत्या काचा असलेला आईस्क्रीमचा फ्रीझर टाळा. काचेतून उष्णता आत येते आणि कडेच्या फटी कधी पूर्ण बंद होत नाहीत.

काचेच्या उभ्या दाराचा व्हिसी कूलर दिसायला देखणा असतो, केग आत ठेवायलाही सोपा, कारण 24 किलोची भरलेली केग वर उचलून आत सोडावी लागत नाही. पण बाहेर 42 अंश असताना त्या काचेमुळे कॉम्प्रेसर जवळजवळ सतत चालतो. वयस्कर माणसं वापरणार असतील तरच व्हिसी घ्यावा, असं आमचं मत आहे.

फ्रीझरवर 'कन्व्हर्टिबल' लिहिलेलं असेल तर तो आधी बघा. एका बटणावर तो फ्रीझरचा कूलर होतो, म्हणजे वेगळा टेम्परेचर कंट्रोलर घ्यावा लागत नाही.

मापाला जाताना पुठ्ठ्याची 23 सेंटीमीटर व्यासाची गोल चकती कापून सोबत न्या. 19 लिटरची बॉल-लॉक केग (जिच्या जोडण्या खटक्याने बसतात) एवढ्या जागेत बसते. चकती तळाशी ठेवून बघा. पेटीच्या एका बाजूला कॉम्प्रेसरमुळे आतून पायरीसारखा उंचवटा असतो, तिथे केग बसत नाही, त्यामुळे लिटरचा आकडा ऐकून अंदाज बांधू नका. केगची उंची साधारण 63 सेंटीमीटर आणि वर जोडण्यांसाठी 6 ते 8 सेंटीमीटर लागतात. बहुतेक पेट्या आतून एवढ्या खोल नसतात. ती उणीव पुढे लाकडी चौकटीने भरून काढायची आहे.

कुठे आणि केव्हा

बंद पडलेली आईस्क्रीम पार्लर, हॉटेलं, मेस, एमआयडीसीतल्या कँटीन, डेअरी यांच्याकडे असे फ्रीझर पडून असतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, जालना या शहरांत फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानांतही जुना माल मिळतो. फेब्रुवारीपासून मागणी वाढते आणि भाव चढतो. पोळा ते दिवाळी हा घेण्याचा काळ, कारण सीझन संपलेला असतो आणि जागा अडवून बसलेला फ्रीझर मालकाला नकोसा झालेला असतो. नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त किंमत देऊ नका. सात-आठ वर्षांपेक्षा जुना असेल तर एक तृतीयांश पुरे.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. शीतपेय आणि आईस्क्रीम कंपन्या दुकानदारांना जे कूलर-फ्रीझर देतात ते बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीचे असतात, दुकानदाराला ते विकण्याचा हक्क नसतो. अंगभर कंपनीचं चित्र, आत किंवा मागे मालमत्ता क्रमांकाची पट्टी किंवा बारकोड दिसला तर कंपनीने विकल्याचा कागद मागा. कागद नसेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. पट्टी खरवडून काढल्याची खूण असेल तर जास्तच सावध राहा. साध्या मालासाठीसुद्धा विकणाऱ्याचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेली सही केलेली पावती घ्या.

तपासणी

आदल्या दिवशी फोन करून सांगा की मशीन रात्रभर बंद ठेवा. गेल्यावर आधी कॉम्प्रेसरला हात लावा. तो कोमट लागला तर मशीन तुमच्या येण्याआधी चालवलेलं आहे. आधीच थंड करून ठेवलेला फ्रीझर तपासून काही कळत नाही, त्यामुळे दुसरा दिवस मागा.

मग मागची पाटी वाचा. तिच्यावर गॅसचं नाव, अँपिअर आणि व्होल्ट असतात. आर-12 लिहिलेलं जुनं मशीन घेऊ नका. तो गॅस ओझोनच्या थराला मारक म्हणून भारतात 2010 पर्यंत बंद केला गेला. आर-134ए असेल तर कुठलाही मेकॅनिक काम करू शकतो. आर-290 किंवा आर-600ए असेल तर मशीन वीज कमी खातं, पण हे गॅस पेट घेणारे आहेत. त्यात गॅस भरणारा माणूस त्यातला जाणकार हवा, आणि उघड्या ज्योतीने जोड तापवणाऱ्याला हात लावू देऊ नका.

मशीन बंद असतानाच तांब्याच्या नळ्यांचे जोड टॉर्चने बघा. जोडाजवळ तेलकट, धूळ चिकटलेला डाग म्हणजे गॅस गळतोय, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं. आतल्या भिंतीवरून सावकाश हात फिरवा. बर्फ खरवडायला सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरला असेल तर पत्र्यावर चरे आणि पोचे सापडतात. कुठे एम-सीलचा ठिगळ दिसला तर तिथे कॉईल फुटून बुजवलेली आहे. पेटी-फ्रीझरची कॉईल भिंतीत फोमच्या आत असते, ती पुढे परत गळली तर बाहेरून दुरुस्त होत नाही. असा माल फुकट मिळाला तरी नको. तळाचा पत्रा गंजून फुगला असेल तर फोममध्ये पाणी शिरलं आहे, आणि ओलं फोम थंडावा धरत नाही.

आता मशीन चालू करा, क्लॅम्प मीटर (वायरला चिमट्यासारखं लावून अँपिअर मोजणारं) फेजच्या वायरला लावूनच. हे मीटर मेकॅनिककडून तासाभरासाठी मागून आणलं तरी चालतं. चालू होताना अँपिअर क्षणभर पाच-सहा पट चढतात आणि एक-दोन सेकंदांत खाली येतात. पाटीवरच्या आकड्याच्या जवळपास स्थिर झाले तर ठीक. कॉम्प्रेसर नुसता घुमतो, चालू होत नाही आणि थोड्या वेळाने 'टक्' असा आवाज करून बंद पडतो, तर दोष रिले, कपॅसिटर किंवा ओव्हरलोडमध्ये (कॉम्प्रेसर तापला की वीज तोडणारा भाग) असू शकतो. हे सुटे भाग स्वस्त आहेत. पण कॉम्प्रेसरच जाम झाला असेल तरीही लक्षणं हीच दिसतात. मशीन बंद करून, प्लग काढून मल्टिमीटरने कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रोध मोजा. तीन आकड्यांपैकी सगळ्यात मोठा हा बाकी दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. कुठलीही पिन आणि कॉम्प्रेसरची बॉडी यांच्यात काहीही रोध दाखवला तर वाइंडिंग बॉडीला लागलं आहे, तो कॉम्प्रेसर गेला.

चालू झाल्यावर घाई करू नका. आत एका ग्लासात पाणी आणि त्यात थर्मामीटर ठेवून तिथेच दोन-तीन तास बसा. वीस मिनिटांत बाहेरच्या भिंती कोमट लागायला हव्यात, कारण गॅसची उष्णता याच भिंतींतून बाहेर पडते. तासा-दीड तासात आतल्या चारही भिंतींवर पांढरा पातळ थर सारखा धरायला हवा. नळी जिथून आत येते तेवढ्याच भागात बर्फ आणि बाकी भिंत कोरडी असेल तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (गॅसची केसासारखी बारीक नळी) चोक झाली आहे. विकणारा म्हणेल, "गॅस भरला की झालं." पण बंद यंत्रणेतला गॅस वापरून संपत नाही, तो गळूनच कमी होतो. गळती कुठे आहे ते दाखवून, जोड करून, फिल्टर-ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि घाण अडवणारा भाग) बदलून, व्हॅक्यूम काढून गॅस भरून द्या, मग घेतो असं सांगा.

झाकणाच्या रबराची परीक्षा सोपी आहे. दहाची नोट रबर आणि काठ यांच्यामध्ये धरून झाकण बंद करा आणि नोट ओढा. चारही बाजूंना ती अडकून यायला हवी. रबर कडक झालं असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून बघा, अनेकदा ते परत मऊ होतं. नाहीतर नवीन बसवून मिळतं. रबरासाठी सौदा मोडू नका, फक्त भाव कमी करून घ्या.

घरी आणताना

छोट्या हत्तीत उभाच न्या आणि दोरीने बांधा. आडवा केला तर कॉम्प्रेसरचं तेल नळीत शिरतं आणि त्याच स्थितीत चालू केला तर कॉम्प्रेसर बिघडतो. उभा आणला तरी दोन-तीन तास थांबा. नाइलाजाने आडवा आणावा लागला असेल तर एक रात्र उभा ठेवून मगच चालू करा.

जागा सावलीची हवी. भिंतीपासून चारही बाजूंनी किमान 10 ते 15 सेंटीमीटर अंतर सोडा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उष्णता बाहेर पडायलाच वाव राहत नाही, मशीन अखंड चालतं आणि ओव्हरलोड ट्रिप होत राहतो.

पहिलं काम धुण्याचं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून आतून पुसा, आईस्क्रीम किंवा मासळीचा वास असेल तर दोन दिवस झाकण उघडं ठेवा. घरात लहान मुलं असतील तर झाकणाचं आपोआप लागणारं कुलूप काढून टाका. मूल आत अडकण्याचा धोका खरा आहे.

वीज आणि कंट्रोलर

शेतावर आणि गावाच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज 170 च्या खाली जातं. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर चालू व्हायला धडपडतो, अँपिअर चढतात आणि वाइंडिंग जळतं. म्हणून स्टॅबिलायझर हवाच, तोही तीन मिनिटं उशिरा चालू होणारा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळ्यांतला दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. लाईट जाऊन लगेच आली की त्या दाबाविरुद्ध चालू होण्याच्या प्रयत्नात तो जाम होतो. अर्थिंग खात्रीचं हवं, आणि ओल्या हाताने हाताळायचं यंत्र असल्याने 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. यात काटकसर नको.

कन्व्हर्टिबल नसलेल्या फ्रीझरला एसटीसी-1000 जातीचा डिजिटल कंट्रोलर लागतो. 220 व्होल्टचाच मागा. त्याच्या मागे आठ स्क्रू असतात. 1 आणि 2 ला वीज, 3 आणि 4 ला सेन्सर, 5 आणि 6 गरम करण्याचे (मोकळे ठेवायचे), 7 आणि 8 थंड करण्याचे. प्लास्टिकच्या डब्यात कंट्रोलर आणि एक सॉकेट बसवा. फेजची एक वायर 7 ला द्या, 8 मधून सॉकेटच्या फेजला. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटला थेट जातात. फ्रीझरचा प्लग या सॉकेटात. आत 10 अँपिअरचा रिले आहे, दोन अँपिअरपर्यंत चालणाऱ्या कॉम्प्रेसरला तो पुरतो. त्याहून मोठ्या मशीनला मध्ये काँटॅक्टर (जास्त अँपिअर पेलणारा विजेवर चालणारा स्विच) टाका. वायरिंगचा सराव नसेल तर हे अर्ध्या तासाचं काम इलेक्ट्रिशियनला द्या.

मग सेटिंग करा. एफ1 वर 4 अंश, एफ2 वर 2 अंश, एफ3 वर 5 मिनिटं. म्हणजे 6 अंशाला कॉम्प्रेसर चालू होईल, 4 ला बंद होईल आणि दोन वेळांमध्ये पाच मिनिटं तरी थांबेल. फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट जास्त थंडीवर ठेवा, नाहीतर तोच आधी बंद करेल.

सेन्सर हवेत लोंबकळू देऊ नका. झाकण उघडताच हवा गरम होते आणि मशीन विनाकारण चालू होतं. भिंतीला चिकटवला तर उलटं होतं, भिंत लगेच थंड होते आणि पाणी कोमटच राहतं. लिटरभर पाण्याच्या बाटलीला मध्यावर टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा बांधा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही भिंती काही वेळ थंडी सोडत राहतात, त्यामुळे पहिल्या रात्री 6 अंशावर ठेवून सकाळी दुसऱ्या थर्मामीटरने पाणी मोजा, मग हळूहळू 4 वर या. केगमधलं पाणी गोठलं तर केग फुगते.

विजेचा हिशोब असा. कॉम्प्रेसर 150 वॉटचा असेल आणि दिवसातला 40 टक्के वेळ चालला तर 150 × 24 × 0.4, म्हणजे रोज साधारण दीड युनिट. मे महिन्यात हे वाढेल.

लाकडी चौकट

फ्रीझरच्या भिंतीला भोक पाडू नका. बाहेरच्या पत्र्याला लागून गरम नळ्या आणि आतल्या पत्र्याला लागून थंड नळ्या फिरलेल्या असतात. ड्रिलचं टोक एकीला लागलं की सगळा गॅस फुस्स. त्याऐवजी पेटी आणि झाकण यांच्यामध्ये 6 ते 8 इंच उंचीची लाकडी चौकट बसवायची. नळ चौकटीला, झाकण चौकटीवर, पेटीला हातही नाही. केगला लागणारी जास्तीची उंचीही यातूनच मिळते. भोकाशिवाय पर्याय नसेल, उदाहरणार्थ व्हिसी कूलरच्या बाजूच्या पत्र्यात, तर मशीन वीस मिनिटं चालवून तो पत्रा स्पिरिटमध्ये कालवलेल्या कॉर्नफ्लोअरने पातळ सारवा. गरम नळ्या जिथे असतील तिथे तो आधी वाळून पांढऱ्या रेघा उमटतात. रेघांपासून लांब भोक घ्या.

सुताराला सांगायचं माप म्हणजे पेटीच्या वरच्या काठाची बाहेरची लांबी-रुंदी. सागवान किंवा 19 मिलीमीटरचं वॉटरप्रूफ प्लायवूड घ्या, कोपरे गोंद आणि स्क्रूने पक्के करा, आतून 25 मिलीमीटरचं कडक थर्माकोल चिकटवा. खालच्या कडेला फोमची टेप लावा आणि बाहेरून 4 सेंटीमीटर खाली उतरणाऱ्या पट्ट्या ठोका, म्हणजे चौकट पेटीवर घट्ट बसते आणि सरकत नाही. सांधे सिलिकॉनने भरा. लाकडाला बाहेरून पॉलिश आणि आतून दोन हात वॉटरप्रूफ रंग, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

झाकण काढताना ते पूर्ण उघडं ठेवून, दुसऱ्या माणसाने धरून मगच बिजागरीचे स्क्रू सोडवा. बंद झाकणाच्या बिजागरीतली स्प्रिंग ताणलेली असते, ती उसळून बोटं फोडते.

नळाची शँक, म्हणजे भिंतीतून जाणारी नळी, स्टेनलेस स्टीलची आणि चार इंच लांब घ्या. भोकाचं माप शँक हातात आल्यावरच ठरवा, साधारण 22 ते 25 मिलीमीटर लागतं.

केग, गॅस आणि नळ्या

केग 19 लिटरची, बॉल-लॉक, स्टेनलेस स्टीलची. ऑनलाइन मिळते. जुनी घेत असाल तर झाकणाची बसणी वाकलेली नाही, आतून गंज नाही आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो हे बघा, आणि सगळ्या ओ-रिंग (जोडांतल्या गोल रबरी कड्या) नवीन टाका. दुधाचा कॅन, कुकर, प्लास्टिकची कॅन यांना दाब देऊ नका. ती भांडी दाबासाठी बनलेली नसतात, फुटली तर माणूस जखमी होतो.

सोडा आम्लधर्मी असतो, तो तांबं आणि पितळ विरघळवतो. म्हणून नळ, शँक, जोडण्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा फूड-ग्रेड प्लास्टिकच्या हव्यात. बाजारात चमकणारे स्वस्त नळ बरेचदा पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेले असतात, तो मुलामा आतून लवकर उडतो.

सिलिंडर 2 किलोचं पुरतं. गॅस खाण्याच्या दर्जाचा मागा. वेल्डिंगच्या दुकानातल्या सिलिंडरमध्ये तेल आणि घाण असू शकते. सिलिंडरच्या खांद्यावर शेवटच्या हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाने केलेल्या तपासणीचं) वर्ष ठोकलेलं असतं, मुदत उलटली असेल तर ते घेऊ नका. गॅस सिलिंडरचे नियम बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तेव्हा 'मान्यतेचं सिलिंडर' म्हणजे काय हे विक्रेत्याला ठाऊक असायलाच हवं. 31 अंशाच्या वर या सिलिंडरमध्ये द्रव उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणून गच्च भरून घेऊ नका, उन्हात किंवा गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका. कायम उभं आणि साखळीने बांधलेलं. रेग्युलेटरशिवाय गॅस केगला कधीही जोडायचा नाही, कारण आत दर चौरस सेंटीमीटरला 60 ते 70 किलोचा दाब असतो आणि केगला आपल्याला फक्त 2 किलो द्यायचा आहे.

सिलिंडर पेटीच्या बाहेर ठेवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे, बंद पेटीत गळला तर तळाशी साचून राहतो आणि झाकण उघडून आत वाकलेल्या माणसाला गुदमरवतो. केगच्या जोडणीतूनही तो गळू शकतो, तेव्हा रोज झाकण उघडल्यावर मिनिटभर थांबून मगच आत वाका.

केग ते नळ ही नळी आतून 5 मिलीमीटर व्यासाची आणि 6 ते 8 मीटर लांब घ्या. इतकी लांबी बघून नवखे लोक ती कापतात आणि मग ग्लासात नुसता फेस येतो. सोड्याला 30 पीएसआय, म्हणजे 2 किलो दाब लागतो. तो दाब नळीत घासून घासून हळूहळू उतरला तरच सोडा शांतपणे बाहेर येतो. नळी आतच गुंडाळून केगवर ठेवा.

पहिली भरणी

केग रिकामी असतानाच गळती तपासा. 30 पीएसआय द्या, सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा, मग सिलिंडर बंद करून काटा रात्रभर बघा. पाणी भरून हीच चाचणी केली तर गॅस पाण्यात विरघळतो, काटा उतरतो आणि गळती नसताना गळती वाटते.

पाणी आरओचं वापरा. बोअरच्या जड पाण्याचा सोडा बेचव लागतो. 18 लिटर भरून वर थोडी जागा सोडा आणि झाकण लावून आधी रात्रभर 4 अंशाला थंड करा. गार पाण्यातच गॅस मुरतो. मग 30 पीएसआय देऊन झाकणावरच्या व्हॉल्व्हने वरची हवा तीन-चार वेळा सोडा. हवा राहिली तर काटा 30 दाखवतो, पण पाण्याला तेवढा कार्बन डायऑक्साइड मिळत नाही. गॅसची जोडणी 'इन' लिहिलेल्या खांबाला, पाण्याची 'आउट'ला. गॅस जोडलेला ठेवून आठवडाभर थांबा. घाई असेल तर केग गार असताना त्याच दाबावर आडवी मांडीवर घेऊन दहा मिनिटं हलवा, दुसऱ्या दिवशी सोडा तयार. एका भरणीला गळती नसेल तर 300 ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे 2 किलोत सहा केग.

सरबत केगमध्ये घालू नका, ग्लासात घाला. साखर आणि रस नळीत अडकून आंबतात आणि तो वास नळीतून जात नाही. नुसत्या सोड्याची नळी महिन्यातून एकदा कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून, मग साध्या पाण्याने धुतली की झालं. ब्लीचिंगचं पाणी स्टीलला खातं, ते नको. विकायचा विचार असेल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेचे नियम बघणारी केंद्रीय संस्था) नोंदणी आधी करून घ्या.

फेस, फिकेपणा आणि पाणी

नळ अर्धवट उघडल्याने सगळ्यात जास्त फेस येतो. अरुंद फटीतून सोडा फुटत बाहेर पडतो. एका झटक्यात पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. पहिला घोट फेसाळ येणारच, कारण बाहेरचा नळ उन्हाळ्यात तापलेला असतो. तो सोडून द्या. दुसऱ्या ग्लासालाही फेस असेल तर नळीचा वरचा भाग कोमट आहे. पेटीत तळाशी 3 अंश आणि वर 9 अंश असं सहज होतं. 12 व्होल्टचा संगणकातला 80 मिलीमीटरचा पंखा तळाशी, तोंड वर करून लावा, हा फरक जवळजवळ जातो.

सोडा फिका असेल तर आधी पाण्याचं तापमान मोजा, मग काटा बघा, मग ओ-रिंग. याच क्रमाने गेलात तर गॅस वाया जात नाही.

पेटीच्या तळाशी पाणी साचतं, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. फ्रीझर म्हणून चालताना ते भिंतीवर बर्फ होऊन राहायचं, आता थेंब होऊन खाली उतरतं. आठवड्याला फडक्याने टिपा आणि ओलावा शोषणारा कॅल्शियम क्लोराइडचा डबा आत ठेवा. झाकण बंद असतानाही पाणी भराभर साचत असेल तर चौकटीच्या खालच्या फोमच्या टेपमधून हवा आत येते आहे. रात्री आत टॉर्च लावून झाकण बंद करा, उजेड जिथून दिसेल तिथे सिलिकॉन भरा.